मालकी, वारसा आणि शहर : लॉर्ड पीटर पालुम्बो यांच्या जीवनकार्याचा ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

आपल्या महाविद्यालयीन अभ्यासक्रमात आधुनिक इंग्लंडचा इतिहास प्रामुख्याने संसदीय संस्थांचा विकास, औद्योगिक क्रांती, साम्राज्यविस्तार आणि कल्याणकारी राज्य या टप्प्यांच्या आधारे शिकविला जातो. दुसऱ्या महायुद्धानंतर लंडनची जमीन कोणाच्या हाती गेली, तिचे रूप कोणी ठरविले आणि त्या निर्णयात सामान्य नागरिकास कितपत स्थान होते, या प्रश्नांना त्यात फारसा वाव मिळत नाही. वस्तुतः युद्धोत्तर ब्रिटिश समाजातील संपत्ती, प्रतिष्ठा व राज्यसंस्था यांचे परस्परसंबंध समजून घेण्यासाठी स्थावर मालमत्तेचा इतिहास हे एक महत्त्वाचे साधन आहे.

प्रस्तुत शोधनिबंधात पीटर पालुम्बो या विकासकाच्या सार्वजनिक जीवनाचा मागोवा घेतला आहे. लंडनच्या ऐन मध्यवर्ती भागातील एका त्रिकोणी भूखंडासाठी त्यांनी सुमारे चार दशके प्रयत्न केले. याच काळात ते ग्रेट ब्रिटनच्या कला परिषदेचे अध्यक्ष झाले आणि १९९१ मध्ये त्यांना आजीव उमरावपद मिळाले. जुन्या इमारती पाडणारा धनिक म्हणून त्यांच्यावर टीका झाली. त्याच वेळी विसाव्या शतकातील काही श्रेष्ठ वास्तू जतन करणारा रसिक म्हणून त्यांचा गौरवही झाला. या दोन्ही प्रतिमांपैकी एक खरी आणि दुसरी खोटी असे मानण्याचे कारण नाही. या विसंगतीतूनच ‘वारसा’ या संकल्पनेचे स्वरूप अधिक स्पष्ट होते, हे प्रस्तुत निबंधाचे प्रतिपाद्य आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे

१. युद्धोत्तर लंडनमधील विकासक वर्गाच्या उदयाच्या पार्श्वभूमीवर पालुम्बो यांचे स्थान निश्चित करणे.
२. ‘नंबर वन पोल्ट्री’ या भूखंडाच्या वादातील प्रशासकीय व न्यायालयीन टप्प्यांचा आढावा घेणे.
३. खाजगी मालकी आणि सार्वजनिक वारसा यांतील संघर्षाचा अन्वयार्थ लावणे.

हा अभ्यास ऐतिहासिक व विश्लेषणात्मक पद्धतीने केला असून तो दुय्यम साधनांवर आधारित आहे.

युद्धोत्तर लंडन आणि विकासकांचा उदय

१९४० व १९४१ मधील जर्मन बॉम्बवर्षावात ‘सिटी ऑफ लंडन’ या जुन्या व्यापारी नगराचा मोठा भाग उद्ध्वस्त झाला. युद्धानंतर काही वर्षे बांधकामासाठी सरकारी परवाना आवश्यक होता. १९५४ मध्ये हे परवाने रद्द झाले आणि कार्यालयीन इमारतींच्या बांधकामास एकाएकी ऊत आला. ज्यांनी उद्ध्वस्त भूखंड आधीच स्वस्तात घेऊन ठेवले होते, त्यांच्या हाती अल्पावधीत प्रचंड संपत्ती आली.

या वर्गातील काहींना पुढे उमरावपद मिळाले. ‘लँड सिक्युरिटीज’ ही कंपनी नावारूपास आणणारे हॅरॉल्ड सॅम्युएल १९७२ मध्ये, तर मॅक्स रेन १९७६ मध्ये उमराव झाले. सॅम्युएल यांनी आपला डच चित्रांचा मौल्यवान संग्रह मृत्युपत्राद्वारे सिटीला दिला आणि तो लंडनच्या लॉर्ड मेयरचे निवासस्थान असलेल्या मॅन्शन हाउसमध्ये ठेवण्यात आला. रेन यांनी राष्ट्रीय नाट्यगृहाचे अध्यक्षपद सांभाळले. जमिनीतून मिळालेल्या पैशाचे कलेच्या आश्रयाद्वारे प्रतिष्ठेत रूपांतर करण्याची ही वाट पालुम्बो यांच्यापूर्वीच रुळलेली होती. पालुम्बो यांचे वेगळेपण असे की, त्यांनी इमारत हीच कलाकृती मानली. परिणामी त्यांचा व्यवसाय आणि त्यांची रसिकता एकाच भूखंडावर येऊन ठेपली.

पूर्वपीठिका

पीटर पालुम्बो यांचा जन्म १९३५ मध्ये लंडन येथे झाला. त्यांचे वडील रुडॉल्फ पालुम्बो हे इटालियन वंशाचे यशस्वी विकासक होते. पीटर यांचे शिक्षण ईटन येथील विख्यात शाळेत आणि ऑक्सफर्डच्या वूस्टर महाविद्यालयात झाले. ईटनमध्ये असतानाच त्यांना मीस व्हॅन डर रोह या जर्मन-अमेरिकन वास्तुशिल्पज्ञाच्या कार्याची ओळख झाली. पोलाद व काच यांच्या साहाय्याने अनावश्यक अलंकरण टाळून वास्तू उभारणाऱ्या मीस यांचा प्रभाव त्यांच्यावर कायम राहिला.

मॅन्शन हाउस चौकाची योजना

लंडनच्या बँक या गजबजलेल्या नाक्यावर बँक ऑफ इंग्लंड, रॉयल एक्स्चेंज आणि मॅन्शन हाउस या तीन महत्त्वाच्या वास्तू एकमेकींसमोर उभ्या आहेत. या नाक्यावरून निघणाऱ्या पोल्ट्री व क्वीन व्हिक्टोरिया स्ट्रीट या दोन रस्त्यांच्या बेचक्यातील त्रिकोणी जागा हा आपल्या विवेचनाचा केंद्रबिंदू आहे. मध्ययुगात येथे कोंबड्या व इतर पक्ष्यांचा बाजार भरत असे. त्यावरूनच पोल्ट्री हे नाव रूढ झाले. या जागेच्या टोकाशी मॅपिन अँड वेब या जवाहिऱ्यांच्या नावाने ओळखली जाणारी, शंकूच्या आकाराचा बुरूज असलेली १८७० ची इमारत उभी होती. तिचे वास्तुशिल्पज्ञ जॉन बेल्चर होत.

१९५० च्या दशकाच्या अखेरीस पालुम्बो पितापुत्रांनी या परिसरातील मालमत्ता विकत घेण्यास प्रारंभ केला. १९६२ मध्ये पीटर यांनी मीस यांच्याशी संपर्क साधला. त्यांच्या आराखड्यात एकोणीस मजल्यांचा मनोरा, त्यासमोर प्रशस्त मोकळा चौक आणि चौकाखाली दुकाने अशी रचना होती. चौकामुळे मॅन्शन हाउस आणि एडविन लट्येन्स यांनी रचलेली मिडलँड बँकेची इमारत या दोन्ही वास्तू दुरून पाहता आल्या असत्या. हे लट्येन्स म्हणजे नवी दिल्लीचे शिल्पकार होत. मीस यांची ब्रिटनमध्ये एकही इमारत नाही; ही योजना प्रत्यक्षात आली असती तर ती तेथील त्यांची एकमेव इमारत ठरली असती.

मीस १९६९ मध्ये निवर्तले. त्याच वर्षी सिटीच्या प्रशासनाने योजनेला तत्त्वतः अनुकूलता दर्शविली. मात्र संपूर्ण जागा ताब्यात येणे ही अट होती. तेथे असंख्य मालक व भाडेपट्टेदार होते आणि काही भाडेपट्ट्यांची मुदत १९८० च्या दशकापर्यंत चालणार होती. पालुम्बो यांनी एकेक हक्क विकत घेण्याचे काम चिकाटीने सुरू ठेवले. १९८२ पर्यंत १३ पैकी १२ मालकी हक्क आणि ३४८ पैकी ३४५ भाडेपट्टे त्यांच्याकडे आले. जमीन एकत्रित करण्याची ही प्रक्रिया विकासकाच्या व्यवसायाचा कणा होय. इमारत काही वर्षांत उभी राहते. परंतु तिच्यासाठी लागणारा भूखंड कधी कधी एका पिढीचा काळ मागतो.

या एका पिढीच्या काळात लोकमत मात्र बदलले. १९६० च्या दशकाच्या प्रारंभी यूस्टन स्थानकाची भव्य कमान पाडली गेल्याने मोठी हळहळ व्यक्त झाली होती. १९६७ च्या कायद्याने एकेका इमारतीबरोबरच संपूर्ण परिसरास ‘संवर्धन क्षेत्र’ म्हणून संरक्षण देण्याची तरतूद केली. १९७५ हे युरोपीय वास्तुवारसा वर्ष म्हणून साजरे झाले आणि त्याच वर्षी ‘सेव्ह ब्रिटन्स हेरिटेज’ ही संस्था स्थापन झाली. १९६९ मध्ये जी योजना नगराच्या प्रगतीची खूण वाटत होती, ती १९८२ मध्ये नगराच्या स्मृतीवरील आघात वाटू लागली. आराखडा तोच होता. त्याकडे पाहणारा समाज बदललेला होता.

१९८४ ची जाहीर चौकशी

सिटीच्या प्रशासनाने १९८२ मध्ये परवानगी नाकारली. पालुम्बो यांनी अपील केल्याने १९८४ मध्ये जाहीर चौकशी झाली. ब्रिटिश नियोजन पद्धतीत अशा चौकशीस विशेष महत्त्व आहे. सरकारनियुक्त निरीक्षक दोन्ही बाजूंची साक्ष ऐकतो, साक्षीदारांची उलटतपासणी होते, सामान्य नागरिकांसही आपले म्हणणे मांडता येते आणि निरीक्षकाच्या अहवालानंतर मंत्री अंतिम निर्णय देतो. ‘सेव्ह’ने केवळ विरोधावर न थांबता, जुन्या इमारती दुरुस्त करून वापरात आणण्याचा पर्यायी आराखडाही वास्तुशिल्पज्ञ टेरी फॅरेल यांच्याकडून तयार करून घेतला. संवर्धनवादी चळवळीच्या परिपक्वतेचे हे लक्षण म्हणावे लागेल.

चौकशी सुरू असतानाच ३० मे १९८४ रोजी रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ ब्रिटिश आर्किटेक्ट्स या संस्थेच्या १५० व्या वर्धापनानिमित्त हॅम्प्टन कोर्ट येथे समारंभ झाला. त्यात तत्कालीन युवराज चार्ल्स यांनी आधुनिक वास्तुशिल्पावर कठोर टीका केली. मीस यांच्या मनोऱ्याचा उल्लेख त्यांनी शिकागोच्या मध्यवस्तीतच शोभणारा काचेचा ठोकळा अशा आशयाने केला. विचाराधीन प्रकरणावर राजघराण्यातील व्यक्तीने असे जाहीर मत द्यावे काय, हा औचित्याचा प्रश्न त्यातून उपस्थित झाला. १९८५ मध्ये पर्यावरण मंत्री पॅट्रिक जेन्किन यांनी योजना फेटाळली. मात्र योग्य पर्यायी रचना सादर झाल्यास त्या जागी पुनर्विकास होऊ शकेल, अशी वाट त्यांनी मोकळी ठेवली.

स्टर्लिंग यांचा आराखडा आणि न्यायालयीन लढा

तेवीस वर्षांचा प्रयत्न निष्फळ झाल्यावर कोणीही व्यवहारी माणूस जागा विकून मोकळा झाला असता. पालुम्बो यांनी मात्र त्याच वर्षी जेम्स स्टर्लिंग या ब्रिटिश वास्तुशिल्पज्ञाकडे नवे काम सोपविले. स्टर्लिंग यांची शैली मीस यांच्या अगदी विरुद्ध होती. त्यांच्या आराखड्यात गुलाबी व पिवळसर दगडांचे पट्टे, मध्यभागी खोल गोलाकार प्रांगण आणि टोकाशी घड्याळाचा मनोरा होता. चौकाची कल्पना सोडण्यात आली आणि इमारत केवळ त्रिकोणी जागेपुरती मर्यादित झाली. तथापि तिच्यासाठीही संवर्धन क्षेत्रातील आठ सूचीबद्ध इमारती पाडाव्या लागणार होत्या. युवराजांनी या आराखड्यास १९३० च्या दशकातील रेडिओसंचाची उपमा दिली.

१९८८ मध्ये दुसरी जाहीर चौकशी झाली. निरीक्षकाने नव्या रचनेच्या गुणवत्तेविषयी अनुकूल मत दिले आणि ती कदाचित श्रेष्ठ कलाकृती ठरू शकेल, असे सूचित केले. १९८९ मध्ये मंत्री निकोलस रिडली यांनी परवानगी दिली. ‘सेव्ह’ने या निर्णयाला न्यायालयात आव्हान दिले. सूचीबद्ध इमारत शक्यतो जतन करावी, हे सरकारचेच घोषित धोरण होते. मग या प्रकरणी त्यास अपवाद का करण्यात आला, हे मंत्र्यांच्या निर्णयपत्रात पुरेसे स्पष्ट होत नाही, असा संस्थेचा मुद्दा होता. १९९० मध्ये अपील न्यायालयाने तो ग्राह्य धरून परवानगी रद्द केली. फेब्रुवारी १९९१ मध्ये उमरावसभेच्या न्यायिक समितीने हा निर्णय फिरविला आणि परवानगी कायम केली.

या निवाड्याचे महत्त्व एका इमारतीपुरते सीमित नाही. मंत्र्याने दिलेली कारणे योग्य, समजण्याजोगी आणि पुरेशी असली पाहिजेत, हे तत्त्व न्यायाधीशांनी मान्य केले. मात्र कारणांतील उणिवेमुळे आपले वास्तविक नुकसान झाले हे आक्षेप घेणाऱ्याने दाखवून दिले पाहिजे, असेही सांगितले. ब्रिटिश प्रशासकीय कायद्यात हा निवाडा आधारभूत मानला जातो. ‘सेव्ह’ संस्था खटला हरली. परंतु सत्तेने आपल्या निर्णयाची कारणे सांगितली पाहिजेत, हा तिचा आग्रह कायद्याचा भाग म्हणून शिल्लक राहिला.

उमरावपद आणि कलाश्रय

ज्या महिन्यात हा निवाडा झाला, त्याच महिन्यात पालुम्बो ‘बॅरन पालुम्बो ऑफ वॉलब्रुक’ या नावाने उमरावसभेचे सदस्य झाले. या योगायोगाचा विपर्यास होऊ नये म्हणून येथे एक खुलासा आवश्यक आहे. उमरावसभेचे सर्वोच्च न्यायालयाचे कार्य कायदेपंडित उमरावांची स्वतंत्र समिती करीत असे आणि इतर सदस्यांचा त्याच्याशी संबंध नसे. २००९ मध्ये हे कार्य स्वतंत्र सर्वोच्च न्यायालयाकडे गेले. पालुम्बो यांचे उमरावपद १९५८ च्या कायद्यानुसार दिले जाणारे आजीव पद होते. ते वंशपरंपरेने चालत नाही. १९८९ ते १९९४ या काळात ते कला परिषदेचे अध्यक्ष होते. शासकीय निधी कलासंस्थांना वाटणाऱ्या या परिषदेचे नेतृत्व, सूचीबद्ध इमारती पाडण्यासाठी न्यायालयात झगडणाऱ्या व्यक्तीकडे असणे, हे त्या काळाचे एक लक्षणीय दृश्य होय.

वॉलब्रुक हे पदनामही अर्थपूर्ण आहे. मॅन्शन हाउसच्या मागे असलेल्या वॉलब्रुक येथील सेंट स्टीफन या ख्रिस्तोफर रेन यांनी रचलेल्या चर्चच्या जीर्णोद्धारात पालुम्बो यांचा पुढाकार होता. तेथील घुमटाखाली ठेवण्यासाठी त्यांनी हेन्री मूर या शिल्पकाराकडून दगडी वर्तुळाकार वेदी करवून घेतली. एवढी अवजड शिला चर्चच्या नियमांतील ‘मेज’ या संज्ञेत बसते काय, असा वाद उत्पन्न झाला. धर्मप्रांताच्या न्यायालयाने वेदीस नकार दिला. १९८७ मध्ये वरिष्ठ धर्म-न्यायालयाने ती मान्य केली.

दुसरीकडे, १९७२ मध्ये पालुम्बो यांनी अमेरिकेतील इलिनॉय राज्यात मीस यांनी रचलेले फार्न्सवर्थ हाउस विकत घेतले. १९५१ मध्ये पूर्ण झालेले हे काचेचे घर नदीकाठी असल्याने त्यास पुराचा उपद्रव होत असे. १९९६ च्या मोठ्या पुरानंतर त्यांनी त्याची दुरुस्ती करवून घेतली. २००३ च्या लिलावात ते ७५ लाख डॉलरांना संवर्धन संस्थांनी घेतले आणि पुढे ते जनतेसाठी खुले झाले. पेनसिल्व्हेनियातील फ्रँक लॉइड राइट यांचे केंटक नॉब हे घर आणि पॅरिसजवळील ल कॉर्ब्युझिए यांची जाउल घरे हीही त्यांच्या मालकीत आली. येथे अभ्यासकास प्रश्न पडतो : आधुनिक वास्तूंचा प्रत्येक तपशील जपणारी व्यक्ती व्हिक्टोरियन वास्तूंबाबत एवढी उदासीन कशी? याचे उत्तर त्यांच्या निवडीच्या तत्त्वात आहे. वास्तू जुनी असणे हे त्यांच्या दृष्टीने जतनाचे कारण नव्हते. ती श्रेष्ठ असणे आवश्यक होते आणि श्रेष्ठत्व कोणते हे ते स्वतः ठरवीत होते. खाजगी संग्राहकास हा अधिकार निर्विवाद आहे. शहराच्या नाक्यावर मात्र तो एकट्याचा राहत नाही.

जमिनीखालचे लंडन

१९९४ मध्ये जुन्या इमारती पाडण्यात आल्या. तत्पूर्वी १९९० मध्ये सरकारने नियोजनविषयक मार्गदर्शक सूचना प्रसृत करून विकासाच्या जागी पुरातत्त्वीय अवशेषांची दखल घेणे बंधनकारक केले होते. त्यानुसार येथे १९९४ ते १९९६ या काळात लंडन संग्रहालयाच्या पुरातत्त्वज्ञांनी उत्खनन केले. एकीकडे वर बांधकाम चालू असताना दुसरीकडे तळाशी उत्खनन सुरू राहील, अशी योजना करण्यात आली होती.

या उत्खननात रोमन काळातील मुख्य रस्ता, घरे व दुकाने यांचे अवशेष मिळाले. रस्त्यालगतच्या लाकडी गटाराच्या लाकडातील वर्तुळांवरून ते झाड इसवी सन ४७ च्या सुमारास तोडलेले असल्याचे निश्चित झाले. रोमन सैन्य इसवी सन ४३ मध्ये ब्रिटनमध्ये उतरले होते. लंडनचा प्रारंभ त्यानंतर अवघ्या काही वर्षांत झाला, याचा हा भक्कम पुरावा होय. बुडिका राणीच्या उठावात, इसवी सन ६० किंवा ६१ मध्ये जळालेल्या वस्तीचा थरही येथे आढळला.

आणखी एक छोटी वस्तू इतिहासाच्या शिक्षकांनी आवर्जून लक्षात ठेवावी अशी आहे. ती म्हणजे लाकडी पाटीवरील एक खरेदीखत. गॉल प्रदेशातील फॉर्च्युनाटा नावाच्या मुलीची ६०० दिनारांना विक्री झाल्याची नोंद त्यात आहे. तिला विकत घेणारा व्हेजेटस हा स्वतःदेखील गुलामच होता. त्याचा मालक माँटॅनस हाही सम्राटाचा गुलाम होता. ज्या भूखंडाचे शेकडो हक्क विसाव्या शतकात खरेदीखतांनी एका व्यक्तीकडे आले, त्याच भूखंडाच्या पोटात एका माणसाच्या मालकीचा हा दस्तऐवज सुमारे एकोणीस शतके पडून होता. मालकी हा नैसर्गिक व चिरंतन हक्क नसून कायद्याने व समाजाने वेळोवेळी आखलेली मर्यादा आहे, हे यापेक्षा स्पष्टपणे सांगणारे साधन क्वचितच मिळेल.

उत्खननामुळे इतिहासकाराची कोंडीही होते. वरचा व्हिक्टोरियन थर नष्ट झाला नसता तर खालचा रोमन थर प्रकाशात आला नसता. तथापि यावरून पाडकामाचे समर्थन करणे युक्त ठरणार नाही. उत्खननाने मिळालेले ज्ञान हे सार्वजनिक नियमाचे फलित होते. तो नियम नसता तर दोन्ही थर नाहीसे झाले असते.

नवी इमारत, नवा वारसा

स्टर्लिंग यांचे १९९२ मध्ये निधन झाले. त्यांचे सहकारी मायकेल विल्फर्ड यांच्या देखरेखीखाली इमारत १९९७ च्या सुमारास पूर्ण झाली. अनेकांनी तिची निर्भर्त्सना केली. परंतु २०१५ मध्ये तिच्यात फेरफार करण्याचा प्रस्ताव पुढे येताच संवर्धनवाद्यांनीच तिच्या संरक्षणाची मागणी केली. सर्वसाधारणपणे तीस वर्षांहून जुन्या इमारतींचा सूचीत समावेश होतो. ही इमारत वीस वर्षांचीही नसताना नोव्हेंबर २०१६ मध्ये तिला दुसऱ्या श्रेणीतील विशेष दर्जा देण्यात आला. त्या वेळी ती इंग्लंडमधील सर्वांत तरुण सूचीबद्ध इमारत ठरली. आठ सूचीबद्ध इमारती पाडून उभारलेली वास्तू स्वतःच सूचीबद्ध झाली.

निष्कर्ष

१. युद्धोत्तर ब्रिटनमध्ये जमिनीतून निर्माण झालेल्या संपत्तीचे प्रतिष्ठेत रूपांतर होण्यात कलाश्रयाचा वाटा मोठा होता. पालुम्बो यांचे उमरावपद या व्यापक प्रक्रियेच्या संदर्भात पाहणे आवश्यक आहे.

२. वारसा हा वास्तूच्या अंगभूत गुणांबरोबरच समाजाच्या बदलत्या मूल्यदृष्टीवर अवलंबून असतो. १९६९, १९८५, १९९१ आणि २०१६ या चार वर्षांत एकाच भूखंडाविषयी चार भिन्न निर्णय झाले.

३. निर्णय बदलणारे असल्यामुळेच निर्णयाची प्रक्रिया अधिक मोलाची ठरते. जाहीर चौकशी, लेखी कारणे, न्यायालयीन तपासणी आणि उत्खननाची सक्ती यांमुळे खाजगी इच्छेला सार्वजनिक उत्तरदायित्वाची चौकट मिळाली.

समारोप

पीटर पालुम्बो यांना खलनायक ठरविणे सोपे आहे आणि द्रष्टा ठरविणेही तितकेच सोपे आहे. चार दशके एका जागेसाठी झटणाऱ्या या व्यक्तीच्या चिकाटीस दाद दिलीच पाहिजे. परंतु तिच्यासमोर तितक्याच चिकाटीने उभे राहिलेले नागरिक नसते तर ही कथा केवळ एका धनिकाच्या हौसेची ठरली असती. शहराच्या रस्त्यावर मालकाचा हक्क असतो, तसाच रोज तेथून जाणाऱ्याचाही असतो. या दुसऱ्या हक्काचे खरेदीखत कोठेही नोंदविलेले नसते. म्हणूनच त्याची नोंद ठेवणे हे इतिहासाच्या अभ्यासकाचे कर्तव्य ठरते.